वेशीवरचे टपालवाले

परदेशीं असलेल्या मुलाशीं किंवा नातवाशीं बोलावयाचें तर हल्लीं खिशांतील यंत्र काढून त्यावर बोट टेकविलें कीं पुरे होतें. पलीकडचें माणूस दिसतें, बोलतें, आणि त्याच्या स्वयंपाकघरांत काय शिजत आहे हेंही कळतें. ही सोय इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती कोणत्या वाटेनें आपल्यापर्यंत आली याचा विचार करण्याचें कोणास कारण पडत नाहीं. इंटरनेटचा इतिहास सांगणारे लेख पुष्कळ प्रसिद्ध होतात. त्यांत अमेरिकेच्या संरक्षणखात्याचें, मोठमोठ्या विद्यापीठांचें व पुढें कोट्यधीश झालेल्या व्यापाऱ्यांचें वर्णन असतें. परंतु विद्यापीठाच्या आवाराबाहेरील सामान्य गृहस्थास, शाळामास्तरास, आडगांवच्या डॉक्टरास या महाजालाशीं प्रथम कोणीं जोडून दिलें, हा प्रश्न त्या लेखांत सहसा निघत नाहीं. तें काम ज्यांनीं केलें ते बहुतेक हौशी लोक होते; आणि त्यांनीं तें स्वतःच्या घरांत, स्वतःच्या टेलिफोनवर व बऱ्याच अंशीं स्वतःच्या पदरच्या खर्चानें केलें. त्यांची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सन १९७८ च्या जानेवारींत अमेरिकेंतील शिकागो शहरीं मोठें हिमवादळ झालें. रस्ते बंद पडले. वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस हे दोघे संगणकप्रेमी मित्र तेथें राहत असत. आपल्या मंडळाच्या सभासदांस निरोप ठेवतां यावेत यासाठीं, लांकडी सूचनाफलकावर टांचणीनें कागद लावितात तसा एक फलक संगणकांतच कां करूं नये, अशी कल्पना निघाली. एकानें संगणकाची आज्ञावली लिहिली, दुसऱ्यानें यंत्राची जुळणी केली, आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजीं जगांतील पहिला टेलिफोनवरचा बुलेटिन बोर्ड सुरू झाला. स्यूस २०१९ सालीं व क्रिस्टेन्सन २०२४ सालीं निवर्तले.

या फलकाची रीत समजून घेतली पाहिजे. संगणकाची भाषा अंकांची, टेलिफोनची तार मात्र सुरांची. मोडेम नांवाची पेटी अंकांचे सूर करी व पलीकडची पेटी त्या सुरांचे पुन्हा अंक करी. आरंभींच्या पेट्या सेकंदास ३०० अंकचिन्हें पाठवीत. एका अक्षरास अशीं दहा चिन्हें लागत, म्हणजे सेकंदास तीस अक्षरें झालीं. या मासिकाचें एक पान त्या वेगानें पाठवावयाचें तर सव्वा मिनिट सहज लागलें असतें. वाचणाराचा डोळा तारेच्या पुढें धांवत असे. शिवाय घरांत टेलिफोन एक, त्यामुळें एका वेळीं एकच पाहुणा. दुसऱ्यानें फोन लाविला तर त्यास ‘गुंतलेला’ असल्याची घंटा ऐकूं येई, आणि तो बिचारा रात्रीं अकरा-बारापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवीत बसे. तरीही दहा वर्षांच्या आंत असे फलक अमेरिकेंत हजारोंनीं निघाले. याचें एक कारण अगदीं व्यावहारिक आहे. तेथें बहुतेक ठिकाणीं गांवांतल्या गांवांत केलेल्या फोनचा वेगळा आकार पडत नसे. महिन्याचें वर्गणीवजा बिल भरलें कीं कितीही वेळ बोला.

पण याच कारणानें प्रत्येक फलक आपापल्या गांवापुरता राही. परगांवीं फोन करणें महाग, म्हणून शेजारच्या प्रांतांतील फलकावर कोण काय लिहितो याचा पत्ता नसे. ही कोंडी १९८४ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील टॉम जेनिंग्ज यानें फोडली. त्यानें केलेल्या योजनेस फिडोनेट असें नांव पडलें. ‘फिडो’ हें तिकडे कुत्र्याचें नांव. नाना ठिकाणचे सुटे भाग जोडून बनविलेल्या गांवठी जातीच्या एका संगणकास थट्टेनें दिलेलें. योजना अशी कीं, दिवसभर लोकांनीं लिहिलेलीं परगांवचीं पत्रें फलकानें एकत्र बांधून ठेवावींत, आणि मध्यरात्रीनंतर, फोनचे दर उतरले म्हणजे, यंत्रानें यंत्रास फोन करून ती थैली पोंचती करावी. याकरितां एक तास राखून ठेवलेला असे. त्या वेळीं माणसांनीं फलकावर यावयाचें नाहीं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हा तास रात्रीं एक ते दोनचा होता. घरधनी झोंपलेला असे व त्याच्या टेबलावर दोन पेट्यांचा संवाद चाले. आमच्याकडे जुन्या काळीं जासूद चौकीचौकीवर थैली बदलीत, तसाच हा प्रकार. अखेरच्या भरभराटीच्या दिवसांत, म्हणजे १९९५ च्या सुमारास, फिडोनेटच्या यादींत तीस हजारांहून अधिक फलक होते.

इकडे इंटरनेट वेगळ्याच अंगणांत वाढत होतें. तेथील संगणक भाड्याच्या कायमच्या तारांनीं जोडलेले. त्यांवर बसावयाचें तर मनुष्य विद्यापीठांत, प्रयोगशाळेंत किंवा सरकारी कामावर हवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानानें चालविलेल्या मुख्य वाहिनीवर तर व्यापारी कामास बंदीच होती. ती वाहिनी ३० एप्रिल १९९५ रोजीं बंद होईपर्यंत या नियमाची छाया राहिली. या दोहोंच्या मध्यें तिसरा एक पंथ होता. बेल प्रयोगशाळेंतील यूयूसीपी नांवाची आज्ञावली वापरून काहीं संगणक फिडोप्रमाणेंच एकमेकांस फोन करीत व पत्रें देत-घेत. १९७९ सालीं ड्यूक विद्यापीठांतील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनीं यूझनेटची चर्चामंडळें निर्माण केलीं, तीं याच वाटेनें फिरत. घरगुती फलकांस इंटरनेटपर्यंत पोंचण्याची पहिली पायरी हीच झाली. १९८६-८७ च्या सुमारास टिम पोझार, जॉन गॅल्विन व गॅरी पॅक्सिनोस या तिघांनीं फिडोनेट व यूयूसीपी यांच्यामध्यें दुभाष्याचें काम करणारी आज्ञावली लिहिली. ज्या फलकावर ती बसविली तो फलक गेटवे, म्हणजे आपल्या भाषेंत वेस, झाला.

दुभाष्या लागण्याचें कारण पत्त्यांत होतें, आणि हा विषय आम्हांस मोठा रसाळ वाटतो. फिडोनेटचा पत्ता निव्वळ आंकड्यांचा: आधीं खंड, मग प्रांत, मग फलक. पूजेच्या आरंभीं आपण संकल्प सोडतों तेव्हां जंबुद्वीपापासून प्रारंभ करून भरतवर्ष, दंडकारण्य असें उतरत उतरत आपल्या नदीच्या तीरावर येतों, तीच ही रीत. इंटरनेटची रीत अगदीं उलट, लिफाफ्यावरच्या पत्त्यासारखी: आधीं माणसाचें नांव, मग यंत्र, मग संस्था, मग संस्थेचा वर्ग. यूयूसीपीचा जुना पत्ता तर या दोहोंहून निराळा. तो पत्ता नव्हेच, प्रवासाचें टिपण होय. अमक्या यंत्राकडे जा, तेथून तमक्याकडे, तेथून पलीकडे, अशीं नांवें उद्गारचिन्हांनीं जोडून लिहावीं लागत. पुण्याहून वाईस, वाईहून महाबळेश्वरास असें सांगून यात्रेकरूस वाटेस लावावें, आणि मधला एखादा घाट बंद असेल तर पत्र तेथेंच बसावें, असा तो मामला.

वेशीवरच्या आज्ञावलीनें या तिन्हींचा मेळ घालावयाचा. फिडोनेटच्या प्रत्येक फलकास इंटरनेटला समजेल असें एक नांव मिळालें. पहिल्या खंडांतील १२५ व्या प्रांतांतला २० वा फलक असेल तर त्याचें नांव ‘एफ२०.एन१२५.झेड१.फिडोनेट.ऑर्ग’, आंकडे तेच, क्रम मात्र पालथा. बाहेरून येणाऱ्या पत्रास एवढें पुरे. आंतून बाहेर जाणाऱ्या पत्राची युक्ति अधिक मजेची होती. फिडोच्या लिफाफ्यावर इंटरनेटचा लांब पत्ता मावत नसे. म्हणून लिहिणारानें तें पत्र वेशीवरच्या ‘यूयूसीपी’ नांवाच्या कल्पित गृहस्थास लिहावें, आणि मजकुराच्या पहिल्या ओळींत खरा पत्ता घालावा. यंत्र ती ओळ वाची, पुसून टाकी व उरलेलें पत्र पुढें धाडी. नवशिके ती ओळ विसरत, अथवा तिच्या वर ‘सप्रेम नमस्कार’ लिहून मोकळे होत. मग पत्र चारदोन दिवस हिंडून घरीं परत येई.

दिवसांचा हिशेब येथें वाचकांनीं लक्षांत घ्यावा. पत्र फलकावर लिहिलें त्या रात्रीं तें प्रांताच्या मुख्य फलकाकडे जाई, दुसऱ्या रात्रीं वेशीकडे, तेथून यूयूसीपीनें एखाद्या विद्यापीठाकडे. उत्तर त्याच वाटेनें उलट. आजच्या मुलांस हें हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या घरांत विलायतेच्या हवाईपत्राची पंधरा पंधरा दिवस वाट पाहिली आहे, त्या घरांतील वडील माणसें हंसणार नाहींत.

पुढें लोकांस पत्रांवर समाधान राहिलें नाहीं. इंटरनेटवर हजारों आज्ञावल्या व ग्रंथ सांठविलेले आहेत हें कळल्यावर तेही हवेसे झाले. पण फलकावरच्या मनुष्यास तर फक्त पत्राची वाट मोकळी. त्यावरही तोड निघाली. कांहीं संस्थांनीं असा संगणक ठेविला कीं, त्यास पत्रांतून आज्ञा लिहिली म्हणजे तो तुमच्या वतीनें दूरच्या भांडारांत जाई, हवी ती वस्तु उचली, आणि तिचे तुकडे करून पत्रांनींच तुम्हांस पाठवी. कोणती वस्तु कोठें आहे हें सांगणारी आर्ची नांवाची सूचि माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठांतील ॲलन एमटेज यानें १९९० सालीं केली; तिलाही पत्रानें प्रश्न विचारतां येई. पत्रांतून केवळ साधीं रोमन अक्षरें जात, म्हणून प्रत्येक तीन घटकांच्या जागीं चार अक्षरें योजून वस्तु लिहावी लागे. त्यामुळें तिचें वजन एक तृतीयांशाहून अधिक वाढे. दहा-बारा तुकडे आल्यावर ते क्रमानें जोडावयाचे. मधला एखादा हरवला कीं सगळेंच वायां.

येथें खरी अडचण उभी राहिली, आणि ती यंत्राची नव्हती. हा फुगलेला भार वाटेंतील ज्या ज्या फलकांवरून जाई, त्या प्रत्येकाचा मालक परगांवच्या फोनचें बिल स्वतः भरत असे. मागणाऱ्यास फुकट, पोंचविणाऱ्यास भुर्दंड! म्हणून पुष्कळ वेशींवर नियम झाले कीं, पत्रें आनंदानें नेऊं, पण भांडारांतील वस्तु मागवूं नयेत. लांबट पत्रें आल्यास तीं टाकून दिलीं जातील. कित्येक चालकांनीं वर्गणी मागितली. त्यावर, ज्ञानदान विनामूल्य असावें, अशी ओरड ज्यांनीं कधीं एक पैचें बिल भरलें नव्हतें त्यांनींच केली. आमचें मत या वादांत चालकांच्या बाजूचें आहे. पाणपोई घालणाराकडे कोणी घागर नव्हे, टांकीच घेऊन आला तर त्यास थांबवावें, यांत अनुदारपणा कोणता? दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. हीं पत्रें उघड्या कार्डासारखीं असत. चालकास मनांत आणलें तर प्रत्येक ओळ वाचतां येत असे. इतकीं वर्षें इतक्या लोकांनीं आपलीं खाजगी दुःखें त्या वाटेनें पाठविलीं, तीं केवळ अनोळखी माणसाच्या सभ्यतेवर विसंबून.

या वाटेनें कोण गेलें हें पाहिलें म्हणजे तिची किंमत कळते. अमेरिकेच्या माँटाना प्रांतांत गांवें विरळ, आणि सर्व इयत्तांस मिळून एक खोली व एकच शिक्षक अशा शाळा तेव्हां पुष्कळ होत्या. डिलन येथील वेस्टर्न माँटाना कॉलेजांत फ्रँक ओडाझ यानें १९८८ सालीं ‘बिग स्काय टेलिग्राफ’ हा फलक सुरू करून या एकट्या शिक्षकांस एकमेकांशीं जोडलें. मोडेम जुने, वेग बेताचा. पण पन्नास मैलांत बोलावयास दुसरा शिक्षक नाहीं अशा स्थितींत पाठ कसा घ्यावा, आडदांड मुलास कसें वळवावें, हें विचारतां येऊं लागलें. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील एका भौतिकशास्त्रज्ञानें तर तेथील मुलांस याच तारेवरून गणितांतील एक अगदीं नवा विषय शिकविला. एकशिक्षकी शाळा म्हणजे काय हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस या गोष्टीचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. दोन वर्षांनीं, १९९० सालीं, फिडोनेटच्याच आधारानें शाळांसाठीं ‘के१२नेट’ निघालें. त्यांतील चर्चा वेशींतून यूझनेटवर जाऊं लागल्या, आणि घरगुती फलकावर लिहिणाऱ्या मुलांस विद्यापीठांतील मंडळींचीं उत्तरें येऊं लागलीं.

आफ्रिकेची हकीकत याहून गंभीर आहे. वर्णभेदाच्या राजवटीमुळें दक्षिण आफ्रिकेवर जगानें बहिष्कार घातला होता, व तेथील विद्यापीठांस इंटरनेटशीं सरळ जोडून घेण्यास कोणी धजत नसे. तेव्हां ग्रॅहॅम्सटाउन येथील ऱ्होड्स विद्यापीठांतील मंडळींनीं अमेरिकेंतील पोर्टलंड येथें राहणाऱ्या रँडी बुश याच्या फिडो फलकाशीं संधान बांधलें. सबंध देशांतील विद्वानांचीं पत्रें कांहीं काळ या एका गृहस्थाच्या घरावरून जगांत जात होतीं. नोव्हेंबर १९९१ मध्यें इंटरनेटची पहिली सरळ तारही ऱ्होड्सपासून त्याच्याच घरापर्यंत ओढली गेली. मध्य व पूर्व आफ्रिकेंतील डॉक्टरांस तर टेलिफोनचाही भरंवसा नव्हता. प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ बर्नार्ड लाउन यांच्या पुढाकारानें निघालेल्या सॅटेलाइफ संस्थेनें ‘हेल्थसॅट-२’ नांवाचा लहान उपग्रह १९९३ सालीं आकाशांत सोडविला. तो डोक्यावरून जात असतां रुग्णालयांतील यंत्र त्यास आपलीं पत्रें देई व त्याच्याकडील घेई. जमिनीवरची पुढील वांटणी फिडोनेटच्या पद्धतीनें होई. ज्या रुग्णालयांत वैद्यकाचें नियतकालिक वर्षानुवर्षें येत नव्हतें, तेथें त्यांतील निवडक लेखांचे सारांश पोंचूं लागले.

आतां आपल्या देशाकडे वळूं. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ‘अर्नेट’ची योजना हातीं घेतली, आणि त्याच सुमारास जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्र व पवई येथील आय. आय. टी. यांच्यामध्यें टेलिफोनवरून यूयूसीपीनें पत्रें जाऊं लागलीं. परंतु हीही सोय संस्थांपुरतीच होती. बाहेरच्यांसाठीं मुंबईस ‘लाइव्ह वायर’, बंगळूरास ‘सिक्स’ असे हौशी फलक १९९० च्या आगेंमागें निघाले. अमेरिकेंतील चालकास जी फुकट फोनची सवलत होती ती येथें नाहीं. उलट टेलिफोनसाठीं अर्ज करून वर्षानुवर्षें थांबावें लागे. अशा स्थितींत १९९४ सालीं दूरसंचार विभागानें ई-मेलसेवेसाठीं परवान्याची फी ठरविली, आणि घरगुती फलकासही वर्षास किमान १५ लाख रुपये पडतील असें ठरलें! आधार काय, तर १८८५ चा भारतीय तार कायदा. घरांतल्या एका खोलींत, एका टेलिफोनवर, शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं पत्रें नेणाऱ्या गृहस्थास तारकंपनीच्या मापानें मोजण्याचा हा न्याय होता. दिल्लींतील डॉ. अरुण मेहता प्रभृतींनीं या फीविरुद्ध मंडळ स्थापून चळवळ केली. परवाना न काढतां फलक चालविणारांचें पुढें काय होईल याची धास्ती त्या वर्षीं अनेक घरांत होती. पाणपोईवर जकात बसविण्याची बुद्धि सरकारास कां व्हावी, हें कोडें आम्हांस अजून उलगडलेलें नाहीं.

त्या वेशींतून आपली मराठी मात्र आपल्या लिपींत जात नसे. सात चिन्हांच्या मापांत रोमन वर्णमालाच काय ती बसे. परदेशांत शिकणारीं आपलीं मुलें यूझनेटवर ‘सोक.कल्चर.इंडियन.मराठी’ या मंडळांत जमत, व रोमन अक्षरांनीं मराठी लिहीत. दीर्घ-ऱ्हस्व, न-ण, त-ट यांचा त्यांत जो गोंधळ होई तो पाहून कोणाही शिक्षकाच्या हातांतील लेखणी लाल शाईकडे वळली असती. त्यावर अविनाश चोपडे यांनीं १९९१ सालीं ‘आयट्रान्स’ नांवाची आज्ञावली प्रसिद्ध केली. तींत रोमन अक्षरांचे असे ठराव घातले होते कीं, नेमानें लिहिल्यास त्यांतून शुद्ध देवनागरी छापून निघावी. चिंचोळ्या दारांतून जाण्यासाठीं वर्णांनीं घेतलेला हा वेष. दार रुंद झाल्यावर तो बहुतेकांनीं टाकून दिला, पण संस्कृत स्तोत्रें व गीतें यांचे पुष्कळ संग्रह प्रथम याच वेषांत सांठविले गेले.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथें सर्वसाधारण लोकांसाठीं इंटरनेट खुलें केलें. अमेरिकेंत ही गोष्ट सहा वर्षें आधीं घडली होती. मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ‘द वर्ल्ड’ या मंडळीनें १९८९ सालींच पैसे घेऊन कोणासही टेलिफोनवरून आंत घेण्यास प्रारंभ केला होता. चित्रांसहित पानें दाखविणारी मोझेक आज्ञावली १९९३ सालीं आली, आणि फलकांवरील साधीं अक्षरें लोकांस फिकीं वाटूं लागलीं. विस्कॉन्सिनमधील ‘एक्झेक-पीसी’सारख्या कांहीं मोठ्या फलकांनीं पाटी बदलून इंटरनेट पुरविण्याचाच धंदा पत्करला. बाकीच्यांचे फोन दोनतीन वर्षांत वाजेनासे झाले. चालकांनीं कांहीं दिवस यंत्र तसेंच चालूं ठेविलें, मग एके दिवशीं तार काढून घेतली.

फिडोनेट मात्र अगदीं मेलें नाहीं. थोडे फलक अद्याप आहेत आणि त्यांच्या यादीही निघतात. फरक इतकाच कीं, रात्रीं एक वाजतां फोन करण्याची आतां गरज उरलेली नाहीं. त्यांच्या थैल्या बहुतेक इंटरनेटवरूनच ये-जा करतात.